पत्ता छापून आला

तिला सगळे 'बघाच' म्हणायचे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि बँकेच्या पासबुकात सुखरूप होतं, पण ते कुणाला लागत नसे, कारण तिचं कुठलंही वाक्य फिरून फिरून त्या एका शब्दावर येऊन टेकायचं. हा साबण लावून बघाच, त्या पुलावर सकाळी सातला उभं राहून बघाच, भाजी चिरायच्या आधी सुरी बशीच्या मागच्या कडेवर घासून बघाच. आवडलेली गोष्ट पोटात ठेवणं तिला जन्मात जमलं नाही. सासूबाई म्हणत, हिला नळाचं पाणी जरा थंड लागलं तरी चार घरी सांगून आल्याशिवाय ते पचत नाही.

हे खूळ लहानपणापासूनचं. दुसरीत असताना तिला एक खोडरबर मिळालं, कागद न फाटता पेनाची शाई पुसणारं. तिनं वर्गातल्या प्रत्येक बाकावर जाऊन ते चालवून दाखवलं. आठवड्याभरात वर्गातल्या सगळ्या पोरांनी घरी हट्ट करून तसलंच खोडरबर आणलं, आणि बाईंनी तिच्या वहीत पालकांसाठी शेरा लिहिला की मुलगी हुशार आहे, पण तिला आवरा. आईवडिलांनी प्रयत्न केला असावा. फळ काही दिसलं नाही.

मोठेपणी ती दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलामागे बसली आणि एकोणीस वर्षं तिथेच रमली. पेशंटांची वही तिची. त्या वहीत चार रकाने होते: नाव, वेळ, कुठला दात आणि घाबरतो का. शेवटचा रकाना तिनं स्वतःच्या डोक्यातून काढलेला. ज्याच्यापुढे 'हो' लिहिलेलं असेल त्याच्याशी ती बाहेर बोलत बसायची. ड्रिलचा आवाज आतून येत असायचा आणि बाहेर ही उशीचा अभ्रा न चुरगळता कसा घालायचा ते हातवारे करून सांगत असायची. डॉक्टरीणबाई म्हणत, माझं अर्धं भूल द्यायचं काम हीच करते.

एकदा तिथल्या साप्ताहिकाचे संपादक गाल धरून आले. त्यांच्या रकान्यात ठळक 'हो' होता. तिनं त्यांना आदल्याच महिन्यात घेतलेल्या एका डबा उघडण्याच्या पट्टीबद्दल सांगायला सुरुवात केली. इतक्या जीव तोडून सांगितलं की संपादकांनी गालावरचा हात काढला आणि म्हणाले, हेच लिहून द्या मला, दर शनिवारी. चौथ्या पानावर, 'हरवले-सापडले'च्या खाली, तळहाताएवढी जागा मिळाली. सदराचं नाव काय ठेवावं यावर फार डोकं लावावं लागलं नाही.

सदर मात्र तिनं गमतीवारी नेलं नाही. नियम ठरवले आणि ते पाळले. तीन आठवडे स्वतः वापरल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. फुकट दिलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. नात्यातल्या माणसाचं कौतुक छापायचं नाही. या नियमांपायी तिच्या घराची प्रयोगशाळा झाली. नवरा बसच्या वर्कशॉपात मेकॅनिक, अबोल माणूस. त्याला कधी तीन तऱ्हेच्या उशांवर पाळीपाळीनं झोपावं लागे, कधी सहा प्रकारच्या पायमोज्यांत कामावर जावं लागे. तो सगळं मुकाट्यानं करायचा आणि विचारलं की "चालेल" म्हणायचा. त्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक कुणी ऐकलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. लोकांचा मात्र सदरावर असा विश्वास बसला की शनिवारी सकाळी दुकानदार आधी चौथं पान उघडून बघायचे, आज आपल्याकडचं काय संपणार ते.

अशात तिच्या प्रवासाच्या बॅगेची चेन बिघडली. ओढली की मागून उसवल्यासारखी उघडत जायची. पुढच्या महिन्यात सहा दिवसांची रजा काढून ती बहिणीकडे जाणार होती, आणि बॅग तिची लाडकी. तीन दुकानांत गेली. तिन्हीकडे ऐकलं, बाई, टाका ही, नवी घ्या. चौथ्या ठिकाणी कुणीतरी बोट दाखवलं ते टपाल कचेरीच्या मागच्या जुन्या इमारतीकडे. तिथे जिन्याखालच्या तिरक्या जागेत एक वयस्क गृहस्थ बसत. एका टोकाला ताठ उभं राहता यायचं, दुसऱ्या टोकाला वाकावं लागायचं. फळीवर औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या आणि त्यांत चेनचे रनर, मापाप्रमाणे वेगळे केलेले.

चेनवाल्या काकांनी मान वर केली नाही. "ठेवा," म्हणाले. चेनवरून अंगठा फिरवला. "दात चांगले आहेत. रनर सैल झालाय." पक्कड घेतली, रनर एका बाजूनं दाबला, दुसऱ्या बाजूनं दाबला, मेणबत्तीचा तुकडा दातांवरून फिरवला आणि चेन दोनदा वरखाली केली. चार मिनिटंसुद्धा झाली नाहीत. तिला त्यांना निदान वीस गोष्टी विचारायच्या होत्या, पण त्यांनी तोवर पुढचं जाकीट मांडीवर घेतलं होतं. ती रस्त्यावर आली आणि फुटपाथवर उभी राहून बॅग उघडत-मिटत राहिली. आनंदानं तिचे पाय जमिनीवर नव्हते.

तीन आठवडे तिनं त्या चेनचा पिच्छा पुरवला. मुलीची जाडजूड पुस्तकं कोंबून बघितली, ओल्या हातानं ओढून बघितली, वर बसून बघितली. चेन हलली नाही. तिसऱ्या आठवड्यात नवऱ्यानं न सांगता आपलं कामाचं जाकीट काढलं आणि विचारलं, "अगं, ते चेनवाले कुठे बसतात?" एवढं झाल्यावर तिला कोण थांबवणार? तिनं पक्कड, मेणबत्ती, औषधाच्या बाटल्या, इमारतीतल्या एकाकडून कळलेली काकांची तिथली बावीस वर्षं, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं: टपाल कचेरीच्या मागे, जुनी इमारत, जिन्याखाली, अकरा ते पाच, मोडकी चेन घेऊन जाऊन बघाच.

शनिवारी अंक आला. सोमवारी दवाखाना सुटल्यावर ती मुद्दाम वाट वाकडी करून त्या इमारतीवरून गेली. रांग जिन्याखालून निघून दारातून बाहेर आली होती आणि टपाल कचेरीच्या भिंतीला टेकली होती. शाळेची दप्तरं, ऑफिसच्या बॅगा, लहान बाळांचे थंडीचे कपडे, एकानं तर अख्खा तंबू खांद्यावर घेतलेला. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रांगेतल्या दोघांनी ओळखलं, तर तिनं त्यांना आपली बॅगेची गोष्ट पहिल्यापासून ऐकवली.

गुरुवारी परत गेली तेव्हा रांग तेवढीच होती, पण जिना दिसत नव्हता. काका येईल ती वस्तू "ठेवा" म्हणून ठेवून घेत होते. आधी जिन्याखाली ठेवल्या, मग पहिल्या पायरीवर, मग दुसऱ्या. पहिल्या मजल्यावरचे वकील बॅगांमधून पाय शोधत खाली उतरत होते. भिंतीवर इमारतीच्या सेक्रेटरींनी आदल्या दिवशी, बुधवारी, कागद डकवला होता: पायऱ्यांवरचं सामान आठ दिवसांत हटवावं, अन्यथा जिन्याखालची जागा रिकामी करून घेण्यात येईल. तिनं तो दोनदा वाचला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बावीस वर्षं बसत होते ते काका तिथे, ही माहिती तिनंच तर मोठ्या हौसेनं छापली होती.

आता जिथे आग लावली तिथेच पाणी ओतावं, म्हणून तिनं लगेचच्या शनिवारी लिहिलं: कृपया चेनवाल्या काकांकडे जाऊ नका. बस, एवढंच, चार ओळी. पण सदराच्या सहा वर्षांत या बाईनं कुठेही जाऊ नका असं कधी म्हटलं नव्हतं. लोकांना वाटलं, इतकं काय आहे बुवा तिथे? ज्यांच्या चेना धड होत्या तेही बघायला गेले. संपादकांनी खुशीत फोन करून सांगितलं की अंक दुपारच्या आत संपला, असंच काहीतरी पुढच्या वेळीही लिहा. तिनं कपाळावर हात मारून घेतला. कागदावरचे चार दिवस गेले होते, चार उरले होते.

रविवारी सकाळी ती काकांसमोर जाऊन उभी राहिली. सुट्टीच्या दिवशीही ते कामावर होते, डोळे लाल, बोटांना पट्ट्या. तिला बघून पहिल्यांदाच आपणहून बोलले, आणि जे बोलले ते ऐकून तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"रनरचा अख्खा लॉट खराब आलाय बाजारात," काका म्हणाले. "एकदम एवढ्या चेना बिघडतात कशा? मी कंपनीला पत्र टाकलंय."

म्हणजे या माणसाला पत्ताच नव्हता. साप्ताहिक तो वाचत नव्हता, आणि रांगेतल्या कुणी काही म्हटलं असेल तर ते त्यानं ऐकलं नव्हतं. गावाच्या चेनांवर संकट आलंय असं समजून तो बिचारा पहाटेपासून एकटा लढत होता. तिच्या मनात क्षणभर आलं की हे असंच राहू द्यावं, लॉट खराब तर लॉट खराब. पण पोटात काही न ठेवण्याची सवय या वेळी उपयोगी पडली.

"काका, कंपनीचं काही चुकलं नाही. मी पेपरात लिहिलं तुमच्याबद्दल. हे सगळे त्यामुळे येताहेत."

काकांनी पक्कड खाली ठेवली. "काय लिहिलंत?"

तिनं पर्समधून कात्रण काढून वाचून दाखवलं. मेणबत्तीच्या ओळीला तिचा आवाज नकळत खुलला. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. "रनर दाबला, बरोबर. दोन्ही बाजूंनी, तेही बरोबर. पत्ता बरोबर," ते म्हणाले. मग कात्रण हातात घेऊन उलटसुलट केलं. "मला विचारलं का नाहीत?"

बॅगेला तिनं तीन आठवडे दिले होते आणि बॅग नीट करणाऱ्या माणसाला एक मिनिट दिलं नव्हतं. पट्टी, साबण, सुरी यांना विचारायची गरज नसते, आणि तिनं काकांना त्यांच्याच रांगेत बसवलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

"मला एका वेळी एकच माणूस झेपतं," काका म्हणाले. "तोंडावर नाही म्हणता येत नाही मला. म्हणून तर असं जिन्याखाली बसतो."

हे ऐकलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एका वेळी एकच माणूस. अहो, मग एकोणीस वर्षं ती दुसरं काय करत होती? खुर्ची एक, डॉक्टरीणबाई एक आणि बाहेर ठणकणारी पन्नास तोंडं. तरी कधी जिन्यावर कुणी साचलं होतं का? तिनं तिथेच काकांना विचारलं की उद्यापासून मी बाहेर स्टूल टाकून बसले तर चालेल का. काकांनी तिच्याकडे नीट बघितलं, बहुधा पहिल्यांदाच, आणि म्हणाले, "बसा."

बहिणीकडे जायची रजा तिनं त्याच दिवशी इकडे वळवली. बहीण फोनवर रुसली, मुलगी म्हणाली, आई, आता तू चेनच्या दवाखान्यात लागलीस का? नवऱ्याला सांगितलं तर तो "चालेल" म्हणाला आणि घरातलं सगळ्यात मजबूत स्टूल स्वतः तिथे नेऊन ठेवून आला.

सोमवारी सकाळी रांग लागली तेव्हा दारात ती बसली होती, मांडीवर नवीकोरी वही. रकाने: नाव, फोन, काय बिघडलं, घाई आहे का. प्रत्येकाला ती वार आणि वेळ देत होती आणि बॅग हातात परत देत होती. एक गृहस्थ तणतणले की बॅग इथेच राहू द्या, मी नंतर नेईन. ती म्हणाली, "दात डॉक्टरकडे ठेवून घरी जाता का तुम्ही? तुमच्या वेळेला या, बरोबर घेऊन या." गृहस्थ हसले आणि गेले. तिच्यातला उत्साह हळूहळू पुन्हा उसळ्या मारायला लागला. दुपारपर्यंत रांग संपली होती आणि तीन आठवड्यांच्या वेळा भरल्या होत्या.

राहिल्या पायऱ्यांवरच्या बॅगा. त्या मोजल्या तर एकशे बारा भरल्या, आणि एकीवरही नावाची चिठ्ठी नव्हती. काकांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. कुठल्या चेनचा कितवा दात वाकडा ते मात्र पाठ. मालक शोधायचे कसे? शनिवारच्या अंकाची वाट बघण्याइतके दिवस हाती नव्हते. तिनं संपादकांना गळ घातली की मंगळवारी एक सुटं पान काढा आणि गावभर चिकटवा. संपादक कां-कूं करत होते, तेव्हा तिनं सांगून टाकलं की हे माझं शेवटचं लिखाण, यानंतर सदर बंद. पुन्हा कुणाच्या जिन्यावर गर्दी घालायची तिची हिंमत राहिली नव्हती. संपादकांनी खूप समजावलं, पण ती ऐकेना. सुटं पान मात्र त्यांनी काढलं.

त्या पानासाठी ती आणि मुलगी दुपारभर पायरीवर बसून एकेक बॅग हातात घेत होत्या. यादी करायला बसली, पण हाडाची सवय जाते कुठे? प्रत्येक बॅग तिला आवडायलाच लागली. 'हिरवी, कोपऱ्यात शाईचा डाग, पट्ट्याला कुणीतरी फार सुबक टाके घातलेत.' 'काळी, चारचौघींसारखी, पण आतलं अस्तर उघडून बघाल तर पिवळंधमक.' 'लहान मुलाचं जाकीट, उजव्या खिशात सात गोटे, सगळे गुळगुळीत, निवडून घेतलेले.' अशा एकशे बारा ओळी. लोक ते पान भिंतीपाशी थांबून पूर्ण वाचत होते, ज्यांची बॅग नव्हती तेसुद्धा. हिरव्या बॅगेच्या मालकीणबाई आल्या त्या डोळे पुसतच. ते टाके त्यांच्या आईनं घातले होते आणि आजवर कुणी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं.

बुधवारी, आठव्या दिवशी सकाळी, सेक्रेटरी दोन हमाल घेऊन आले. तेव्हा पायऱ्यांवर काहीही नव्हतं. ज्या चार बॅगांना धनी मिळाला नव्हता त्या तिच्या घरी पलंगाखाली होत्या. सेक्रेटरी वर चढले, खाली उतरले, जिन्याखाली वाकून बघितलं. तिथे काका एक बॅग घेऊन बसले होते आणि समोर एक माणूस उभा होता. एकच. सेक्रेटरींनी भिंतीवरचा कागद स्वतःच्या हातानं काढला, घडी घालून खिशात टाकला आणि हमालांना घेऊन गेले. तिचा जीव भांड्यात पडला, पण काकांसमोर नाचायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, म्हणून ती वहीत तोंड घालून बसली.

दुपारी मधली वेळ रिकामी होती. काकांनी तिला आत बोलावलं. त्या तिरक्या जागेत ती पहिल्यांदाच शिरत होती. मागच्या खिळ्याला एक जुनं चामडी जाकीट टांगलं होतं. पितळी चेन, दात झिजून सोन्यासारखे झालेले.

"ऐका," काका म्हणाले, आणि त्यांनी चेन अगदी सावकाश वर ओढली.

आवाज खालून जाड सुरू झाला आणि वर येता येता बारीक होत गेला, कुठेही न अडखळता. गळ्यापाशी येऊन थांबला. काकांनी चेन खाली नेली, पुन्हा वर आणली. हे कुणाचं जाकीट, कधीचं, त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की रोज काम संपलं की मी एकदा ऐकतो, आणि आजवर कुणाला दाखवलं नाही, कारण कुणाला काय त्याचं. आजवर हजारदा चेन ओढली असेल तिनं, आणि कान कधी दिला नव्हता. तिला तिथून पळत सुटून पहिल्या भेटेल त्या माणसाला हे सांगायचं होतं. ओठ तर उघडलेही होते.

ते तिनं मिटले. मग विचारलं, "काका, हे लिहू का?"

काकांनी विचार केला. इतका वेळ केला की तिनं मनातल्या मनात नकार ऐकून घेतला, गिळला आणि तोंड हसरं ठेवायची तयारीसुद्धा केली.

"लिहा," काका म्हणाले. "कुठे ऐकलंत ते लिहू नका. ऐकायला इथे यायचं काय कारण? ज्याची त्याची चेन घरी आहे."

रजा संपल्यावर तिनं संपादकांना दवाखान्यातून फोन केला आणि सांगितलं, ती तळहाताएवढी जागा कुणाला देऊ नका. तीन आठवड्यांचा नियम होताच, म्हणून आधी तीन आठवडे घरातली प्रत्येक चेन ऐकली, नवऱ्यालाही ऐकायला लावली. तो मुलीच्या दप्तरापाशी कान नेऊन बराच वेळ बसला आणि म्हणाला, "आणखी एकदा." मग तिनं लिहिलं. पत्ता नाही, वेळ नाही, कुणाचा उल्लेख नाही. फक्त, एखादी चेन सावकाश ओढा आणि ऐकून बघाच.

त्या शनिवारी दवाखान्यात सहाजण बसले होते. गाल सुजलेल्या एका आजोबांनी चौथं पान वाचलं, बाजूला ठेवलं आणि चष्म्याच्या पाकिटाची चेन हळूच ओढली. थांबले. पुन्हा ओढली. वहीत त्यांच्यापुढे 'हो' लिहिलेला होता आणि आतून ड्रिलचा आवाज येत होता. आजोबा शेजारच्या अनोळखी बाईंकडे वळले, पाकीट त्यांच्या कानापाशी धरलं आणि म्हणाले, "हे ऐका तर."

त्या बाईंनी ऐकलं आणि आपली पर्स मांडीवर घेतली. टेबलामागे ती मान खाली घालून बसली होती आणि हसू आवरायला तिनं पेन दातात घट्ट धरलं होतं.